खालचा आधी बोलंल

"खालचा आधी बोलंल," असं म्हणून मिस्त्री उजव्या हाताचा पंजा जमिनीकडे दाबायचे. वरचे सगळे गप्प बसायचे. मग विहिरीच्या तळातून नुकताच वर आलेला, मुरमाच्या धुळीनं भुरा झालेला गडी बोलायला लागायचा. कुठं खडक लागला, कुठली बाजू ओली आहे, उद्या पहार चालेल की सुरुंग लागेल. त्याचं झालं की दोरावरचा, मग टोपल्या रिकाम्या करणाऱ्या बाया. मिस्त्री शेवटून दुसरे. सर्वांत शेवटी मी, कारण मी सरकारी मुन्शी, म्हणजे सगळ्यांत वरचा.

निजामी अमलाची अखेरची पाच-सहा वर्षं उरली होती. पेडगावच्या शिवारात गावकीसाठी एक विहीर खोदायची होती आणि तालुक्याच्या कचेरीनं मला देखरेखीला पाठवलं होतं. वय तेवीस. उर्दू झरझर लिहायचो आणि तेवढ्यावर स्वतःला शहाणा समजायचो. रोज संध्याकाळी मातीत बसून गड्यांचं बोलणं ऐकायचं, हे मला कमीपणाचं वाटायचं. मी मिस्त्रींना एकदा तसं म्हणालोही. ते म्हणाले, "मुन्शीजी, तळ त्यानं बगितलाय. आपुन निस्ती त्याची टोपी बगितली."

मिस्त्री पालमकडचे. थोडी कोरडवाहू जमीन, गळ्यात कापडात बांधलेलं लिंग, सोमवारी एक वेळ जेवण. टोळी त्यांनी स्वतः जमवलेली. तळाशी त्यांच्या शेजारच्या गावचा सटवाजी, रहाटाच्या दोरावर परभणीचे चाँदभाई, शिवाय आणखी चार गडी आणि बाया. एकाची बोली दुसऱ्यासारखी नव्हती.

विहीर खोल गेली तसा एक भलताच घोळ झाला. चाळीस हात खोलीवरून "ओढ" आणि "सोड" सारखंच ऐकू येतं. सटवाजी ओरडला "ओढ", चाँदभाईंनी ऐकलं "सोड", आणि अर्ध्यावर आलेली मुरमानं भरलेली टोपली सटवाजीच्या कानाजवळून तळाशी आदळली. मिस्त्री कुणावर रागावले नाहीत. विहिरीच्या काठावर पालथे पडून त्यांनी निरनिराळे शब्द खाली ओरडून पाहिले. शेवटी ठरवलं की दोर सोडायचा असला की "कांदा" म्हणायचं.

चाँदभाई हसले. "कांदा बोले तो भूक लगती ना, मिस्त्री."

"लागू द्या. भुकेनं कुणाचं डोस्कं फुटत न्हाई."

त्या दिवसापासून पेडगावच्या माळावर दिवसभर कांद्याचा पुकारा चालायचा. वाटेनं जाणारे लोक थबकायचे, कुणीतरी कांदे विकायला बसलंय म्हणून.

सटवाजी आणि चाँदभाईंचं एकदा तंबाखूवरून वाजलं. तीन दिवस बोलणं बंद. कांदासुद्धा तिसऱ्याच्या तोंडून सांगायचे. मिस्त्रींनी समजूत घातली नाही. चौथ्या दिवशी त्यांनी चाँदभाईंना तळाशी उतरवलं आणि दोर सटवाजीच्या हाती दिला. दुपारी दोघे एकाच चंचीतून तंबाखू मळत बसलेले मी पाहिले. तुम्हीही कधी चार माणसांत काम केलं असेल, तर भांडण मिटवायची ही रीत किती अवघड आहे ते तुम्हाला कळेल. मला तेव्हा ती गंमत वाटली होती.

आता माझं सांगतो.

उन्हाळ्याच्या अखेरीस तालुक्याच्या साहेबांचा दौरा ठरला. मी त्याआधीच कचेरीला कळवून बसलो होतो की विहिरीला पाणी लागलं. लागलं नव्हतं. हातभर खोदलं की लागेल, असा माझा अंदाज होता. दौऱ्याला दोन दिवस उरले आणि त्याच सकाळी मिस्त्री नवा दोर आणायला मानवतला गेले.

दुपारी सटवाजी वर आला. म्हणाला, उगवतीची बाजू घाम टाकायलीय, वरचा मुरूम सुटा झालाय, आधी ती बाजू उतरवून घ्यावी लागंल. दोन दिवसांचं काम. टोळीची रीत अशी की खालच्यानं थांब म्हटलं की थांबायचं. सगळे हात झटकून लिंबाखाली बसले.

मी आधी हुकूम केला. कुणी हललं नाही. त्यांनी उद्धटपणा केला नाही, नुसते माझ्याकडे पाहत राहिले. माझा शब्द तिथं चालत नाही, हे मला त्या क्षणी कळलं. कुणाचा चालतो, तेही ठाऊक होतं.

मी म्हणालो, "मिस्त्रीच जाताना सांगून गेलेत. काही झालं तरी आज थांबायचं नाही."

सटवाजीनं विचारलं, "मिस्त्री म्हणले?"

"हो."

तो उठला आणि दोराला धरून खाली उतरला.

उगवतीची बाजू तासाभरात ढासळली. चाँदभाई आणि दोन गडी खाली उतरले, हातांनी मुरूम उपसला, सटवाजीला वर काढलं. जीव वाचला होता. डावा पाय गुडघ्याखाली चेचला होता.

त्याला लिंबाखाली निजवलं, गाडीला बैल जुंपायला माणूस धावला आणि तेवढ्यात मिस्त्री खांद्यावर दोराचं वेटाळं घेऊन आले. त्यांनी दोर टाकला, सटवाजीचं डोकं मांडीवर घेतलं आणि काय झालं ते विचारलं. सटवाजीच आधी बोलला. "मी थांबावं म्हणलो. पर तुमचा सांगावा हाय म्हणले." चाँदभाई म्हणाले, मुन्शीजींनी तसंच सांगितलं. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मिस्त्रींनीही पाहिलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता. ते वाट पाहत होते.

मी म्हणालो, "मिस्त्रींनी जाताना सांगितलं होतं."

मिस्त्रींनी वाटेकडे पाहिलं. गाडी आली होती. परभणीच्या दवाखान्यात लवकर दाखल करून घ्यायचं तर माझी चिठ्ठी लागणार होती, हे त्यांना माहीत होतं. ते खाली बघत म्हणाले, "मुन्शीजी म्हणायलेत, म्हणजे मी म्हणलो आसंन."

सटवाजीनं त्यांच्या मांडीवरून डोकं बाजूला केलं.

मी चिठ्ठी लिहिली. गाडी निघाली. सटवाजीनं मिस्त्रींना सोबत येऊ दिलं नाही, चाँदभाई गेले. मग मिस्त्री माझ्याजवळ आले. वाटलं, आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"कचेरीत काय लिवायचं ते लिवा," ते म्हणाले. "पर सटवाला वाटायलंय, मी त्याला खाली ढकललो. तेवढं त्याला सांगा. एकट्याला सांगितलं तरी चालंल."

मी सांगतो म्हणालो.

कचेरीत मी काय लिहिलं ते वेगळं सांगायला नको. मिस्त्रींना पुन्हा सरकारी काम देऊ नये, असा शेरा पडला. टोळी महिन्याभरात फुटली. ज्याच्या शब्दावर माणूस डोळे मिटून चाळीस हात खाली उतरायचा, त्याच्या शब्दावर आता कुणी उतरेना. विहीर दुसऱ्यांनी पुरी केली. माझी बदली झाली, बढतीवर. सटवाजीकडे जायचं मी दर महिन्याला ठरवायचो. कधी काम निघायचं, कधी आजारपण. पुढं रझाकारांची धामधूम सुरू झाली आणि मला न जायला भक्कम कारण मिळालं.

राज्य बदललं, वाटा मोकळ्या झाल्या, तेव्हा कारण उरलं नाही. मी पालमला गेलो, तिथून चालत सटवाजीच्या गावी. तो दारात वाखाचा दोर वळत बसला होता. डावा पाय लाकडासारखा समोर पसरलेला. त्यानं मला ओळखलं, पाणी दिलं. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. सांगावा नव्हता, मी खोटं बोललो, मिस्त्रींना ठाऊकच नव्हतं.

तो दोर वळायचा थांबला. मग म्हणाला, "मिस्त्री गेल्या पौषात वारले."

मी हातातला तांब्या खाली ठेवला.

"शेवटाला दोनदा माणूस धाडलं होतं मला बलवायला. मी गेलो न्हाई. मातीलाबी गेलो न्हाई."

त्याच्या बोलण्यात चीड नव्हती. तो भिंतीला धरून उठला, आत गेला, डोक्याला पटका गुंडाळून आणि काठी घेऊन बाहेर आला. मिस्त्रींचं गाव तिथून दोन कोस. मी म्हणालो, गाडी बघतो, मीही येतो.

"तुमी नका येऊ, मुन्शीजी," तो म्हणाला.

तो ज्वारीच्या धांड्यांमधल्या गाडीवाटेनं निघाला. दहा पावलं चालायचा, काठीवर भार टाकून थांबायचा, पुन्हा दहा पावलं. पटका दिसेनासा होईपर्यंत मी त्याच्या दारात उभा होतो.