डॉक्टर गप्प बसले ती सकाळ

आमचे घोड्यांचे डॉक्टर बोलायला लागले की थांबत नसत. "मेंदूखाली एक गाठ असते. तिचा रस रक्तात उतरला की गर्भाशय आवळतं, कळलं?" आम्ही सोलापूरचे टांगेवाले वैतागून "व्हय की" म्हणायचो.

माझ्या घोडीच्या कळा येऊन थांबल्या, सगळे टांगेवाले तबेल्यात जमले, तेव्हा ते कळा आणायची सुई घेऊन आले. शिंगरू सुलट आहे हे चाचपून त्यांनी सुई पेटीत ठेवली. "भेदरलीय. गर्दीत तो रस उतरत नाही. सगळे बाहेर व्हा."

तेही बाहेर येऊन तबेल्याच्या दाराशी बसले. तोंडावर स्वतःचाच हात घट्ट दाबलेला.

आतून शिंगराचा बारीक आवाज आला. "सायेब, मोकळी झाली की!" मी त्यांचे पाय धरले.

"तर बघ, ती गाठ..." त्यांनी लगेच सुरू केलं.

मी तिथंच मांडी घालून बसलो आणि म्हणालो, "सांगा सायेब, पैल्यापासनं."