डागाखालची जखम

बसायच्या आधी तो बंडीचे बंद सोडायचा. डावा खांदा उघडा करून माझ्या नाकासमोर आणायचा आणि म्हणायचा, "आधी बघा भाऊसाहेब, मंग लिवा." ठाण्याच्या कचेरीबाहेर अर्ज लिहिणारे आम्ही पाचसहाजण ओळीने बसायचो. बाकीच्यांना आपले गाऱ्हाणे सांगायची घाई असे, याला दाखवायची. दहा वेळा पाहिलेला खांदा अकराव्या वेळी पाहिल्याशिवाय माझी सुटका नसे.

तुम्हीही कचेरीच्या आवारात असली माणसे पाहिली असतील. काखेत कागदांचे गाठोडे आणि तोंडात साहेबांची नावे. याच्याकडे मात्र एकच कागद होता, पलटणीतून नाव कमी केल्याचा. दिवा गावाकडच्या खाडीकाठचा हा आगरी. घरची सगळी मिठागरात राबणारी, हा तेवढा तरुणपणी पलटणीत गेला आणि थेट कंदाहारापर्यंत जाऊन आला. होता साधा शिपाई, पण गावाने त्याला हवालदार करून टाकले होते आणि मीही तसेच म्हणत असे. यायचा होडीने. कचेरी चाले घड्याळावर आणि हवालदार भरतीवर, त्यामुळे साहेब उठून गेले की पाच मिनिटांनी हा हजर. मला हसू येई आणि रागही येई.

मागणे सरळ होते. लढाईत डाव्या खांद्यातून गोळी आरपार गेली, हात वर होत नाही, मिठागरात काम करता येत नाही, तर सरकारने जखमेचे पेन्शन द्यावे. नोकरीची वर्षे पुरी भरली नव्हती, म्हणून दुसरे पेन्शन मिळण्यासारखे नव्हते. पलटणीच्या दवाखान्याचे कागद माघार घेताना हरवलेले. पुरावा उरला तो खांद्याचा. मी झोकात अर्ज लिहून दिला. डॉक्टरसाहेबांनी खांदा तपासला आणि शेरा मारला, गोळीचा व्रण दिसत नाही, भाजल्याच्या खुणा आहेत. अर्ज नामंजूर.

हे भाजले कसे, मी विचारले.  माझ्या दौतीकडे बघत तो म्हणाला की डाग दिलाय.

यात नवल काही नव्हते. आमच्या मुलखात पोट दुखले की डाग आणि सांधा धरला की डाग. माझ्या स्वतःच्या पोटावर लहानपणीचे चार आहेत. हवालदार लढाईवरून परतला तेव्हा जखम वरून भरली होती, पण खांदा आतून सारखा ठणकत होता. गावी कोणीतरी कोयता लाल करून नेमका जखमेच्या खुणेवर टेकवला, पुढून आणि मागून. ठणका थांबला. गोळीची खूणही गेली. आता हे विलायतेत शिकलेल्या डॉक्टराला कोण समजावणार?

मी म्हटले, सोपे आहे, वर अपील करू. ज्याने डाग दिला त्याला हजर करा. त्याने शपथेवर सांगावे की खाली गोळीची जखम होती आणि ती मी डागली. हवालदार एकदम बंडीचे बंद बांधू लागला. नाव काही सांगेना. वैदू होता का? नाही. मेला का? तेही नाही. मला वाटले, हा माणूस लबाड आहे. वाटले खरे, आता झाकून काय उपयोग?

पुढच्या खेपेला त्याने सांगितले, डाग त्याच्या बायकोने दिला होता. त्यापुढचे ऐकून मी लेखणी खाली ठेवली. अर्ज फेटाळला गेला हे त्याने घरी सांगितले होते, पण का ते सांगितले नव्हते. उलट तिला म्हणाला होता की डॉक्टरसाहेब खांदा बघून खूश झाला, ज्याने डाग दिला त्याने हा हात वाचवला असे बोलला. तेव्हापासून बाई गावात ताठ मानेने वावरत होती. तिला साहेबापुढे उभे केले असते, तर पहिल्याच प्रश्नाला तिला कळले असते की नवऱ्याचे पेन्शन तिच्याच कोयत्याने जळाले.

"तिचं नाव लिवू नका," तो म्हणाला. "लिवा, डाग कोनी दिला त्ये मना आठवत नाय."

मी चिडलो. म्हटले, उद्या घर कशावर चालणार? बाई चार दिवस रडेल आणि विसरेल. तो नुसता मान हलवत होता. बोलता बोलता माझे मलाच कळेना, मी भांडतो आहे ते कोणाच्या बाजूने. शेवटी त्याने सांगितले तसे लिहिले.

अपिलात दुसऱ्या डॉक्टराने तपासले. गोळी कुठून शिरली? हवालदार म्हणाला, पुढून. दरडावून विचारल्यावर म्हणाला, मागून. डाग कोणी दिला? आठवत नाही. अपीलही गेले. निकालाचा कागद मी त्याला वाचून दाखवला. 

"भाऊसाहेब," तो हळूच म्हणाला, "दोन-दोन साहेब सांगतान. मना गोली लागलीच नसंल का?"

वेड्यासारखे बोलू नका, मी म्हटले. पण खरे सांगतो, त्या घटकेला माझीही खात्री डळमळली होती. मी तरी काय पाहिले होते? डागच ना? त्या माणसासाठी माझा जीव तुटत होता आणि त्याच वेळी मनात शंकाही येत होती. दोन्ही एकदम कसे होते, ते मला आजही उलगडलेले नाही. कागद त्याने नेला नाही. तुमच्यापाशीच राहू द्या म्हणाला.

मग तो यायचा थांबला. बऱ्याच दिवसांनी एक ठेंगणी, म्हातारी बाई सुक्या बोंबलांची जुडी घेऊन माझ्यापुढे येऊन बसली. हवालदार तापाने गेला म्हणाली. मी पेन्शनचे काहीतरी बोलू लागलो, तर तिने हातानेच थांबवले. त्यासाठी ती आलीच नव्हती. साहेबाचा कागद माझ्याकडे आहे, एवढे तो तिला सांगून गेला होता.

"त्यात माजं लिवलंय ना?" तिने विचारले. "मी हात वाचवला त्ये?"

मी पेटीतून कागद काढला. दोनच ओळींचा, पण लांबलचक असल्यासारखा त्याच्याकडे बघत राहिलो. लिहिले आहे, म्हणालो. तिला साहेबाचे शब्द ऐकायचे होते. तेही मी मनाने जुळवून सांगितले. मी त्याचा शब्द राखला की तिला फसवले, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

तिने तो कागद मागून घेतला. कपाळाला लावला, पदराच्या टोकात घट्ट बांधला आणि होडीकडे निघाली. या माणसाच्या अंगावर लढाईतल्या जखमेची कोणतीही खूण नाही, एवढेच त्यावर इंग्रजीत लिहिलेले होते.