रापणीतला वाटा

माझ्याकडे कुणी संशयाने पाहिलं की माझं डोकं फिरतं. वास्तविक संशय घेण्यात मी स्वतः कुणाला हार जायची नाही. रिक्षावाल्याने भाडं कमी सांगितलं तरी मला त्यात काहीतरी काळंबेरं दिसतं.

मोबाईलवरच्या स्थानिक बातम्या अल्पसंख्याकांना कशा दाखवतात, हा माझ्या पीएच.डी.चा विषय. त्यासाठी मी कुणकेश्वरहून मालवणला, किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांकडे जायला लागले. जाळं टाकण्याआधीची त्यांची प्रार्थना कुण्या चॅनलवाल्याने मागे भीतिदायक संगीत लावून दाखवली होती. तेव्हापासून बाजारात ठरलेली गिऱ्हाइकंही त्यांच्या टोपलीपाशी थांबेनाशी झाली. मला यावरच एक प्रकरण लिहायचं होतं, आणि त्यांच्यातलं कुणीच तोंड उघडत नव्हतं.

"खंयच्या चॅनलाची गो तू?" त्यांच्यातली थोरली मावशी दर खेपेला विचारायची. मी ओळखपत्र दाखवायचे. ती ते उलटंसुलटं करून परत द्यायची. मलाही वाटायचं, ही बाई नक्की काहीतरी लपवतेय.

एका सकाळी मी सलवार वर खोचली आणि सरळ दोर धरला. जाळं किनाऱ्याला लागेपर्यंत हातांची सालटी निघाली, पण मंडळी माझ्याशी हसून बोलायला लागली. मी जाम खूश. मग वाळूवर माशांचे वाटे पडले. ज्याने दोराला हात लावला त्याला वाटा, ही तिथली रीत. मावशीने बांगडे माझ्यापुढे केले.

"नको मावशी, आम्हाला काही घेता येत नाही. संशोधनाचा नियम आहे."

मला वाटलं, माझा हा सच्चेपणा पाहून ती विरघळेल. तिचं हसूच गेलं.

"तो चॅनलवालो पन असोच इल्लो," ती म्हणाली. "दोर ओढल्यान, वाटो नको म्हटल्यान. मगे आमका घराघरात दाखवल्यान."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी घाईघाईने पिशवी पुढे केली. तिने ओंजळीओंजळीने बांगडे भरले, वाट्यापेक्षा जास्तच. सुटले बुवा एकदाची, म्हणत मी रेकॉर्डरसाठी पर्समध्ये हात घातला.

तिने माझं मनगट धरलं.

"तुजो वाटो तुका गावलो. माशे खा बाय," ती म्हणाली, "पन आमच्याबद्दल काय लिवू नको."