महागाई भत्ता

माझ्या वडिलांना उजवा पाय गुडघ्याखाली नाही. फौजेत असताना सरहद्दीवर सुरुंग फुटला, त्यात गेला. मी तेव्हा दीड वर्षाची होते. पायाबद्दल त्यांना अपंगत्वाची पेन्शन सुरू झाली आणि आंबीजवळच्या आमच्या गावी येऊन ते तेरा-चौदा वर्षं नुसते बसून राहिले. आई भाताच्या खाचरात राबायची आणि आबा ओट्यावर बसून रस्त्याकडे बघायचे. कुणाशी धड बोलायचे नाहीत.

मग ग्रामपंचायतीला पाणी सोडायला माणूस हवा होता. ते काम आबांनी स्वतः जाऊन मागून घेतलं. पंप चालू करायचा, एकेका आळीचा व्हॉल्व्ह फिरवायचा. पगार किरकोळ. पण सकाळी खोटा पाय बांधून ते निघायचे, आणि बायका हाक मारायच्या, "भाऊ, आज आमच्याकडं आदी सोडा की!" घरी आल्यावर कुठल्या आळीत कोण भांडलं हे ते आईला रंगवून सांगायचे. माझे वडील इतके बोलतात हे मला सोळाव्या वर्षी कळलं.

दोन वर्षांनी, नोव्हेंबरात, हयातीचा दाखला द्यायला मी त्यांच्याबरोबर तळेगावला बँकेत गेले. आधी बँकेतलंच कुणीतरी फॉर्म भरून द्यायचं. आता मी कॉलेजात होते, म्हणून मी भरला. खाली एक प्रश्न होता: सरकारी किंवा स्थानिक संस्थेत नोकरी करता का?

"हितं काय लिवायचं?" आबांनी विचारलं.

"करता ना तुम्ही? मग हो लिहायचं."

"त्यानं काय व्हतंय का?"

"काही होत नाही, आबा. नुसती माहिती घेतात."

जानेवारीत पेन्शन जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यानं कमी आली. आम्ही परत बँकेत गेलो. काउंटरवरचा मुलगा माझ्याहून फार मोठा नसेल.

"पेन्शन चालू आहे, काका. महागाई भत्ता बंद झालाय. पंचायतीत नोकरी करतो असं तुम्हीच लिहून दिलंय. मागच्या दोन वर्षांचा भत्ताही कापून घेतला जाईल."

आबा म्हणाले, "सायेब, भत्ता माझ्या पगारापेक्षा जास्त हाय. मंजी मी पदरचं घालून गावाला पानी पाजतोय."

"नोकरी करणाऱ्याला महागाई तिकडून मिळते, असं धरतात."

"तिकडनं न्हाई मिळत."

"ते तुम्ही पंचायतीशी बोला," असं म्हणून त्यानं मागच्या माणसाला पुढं बोलावलं.

आमच्या शेजारचे एक माजी सैनिक कंपनीच्या गेटवर नोकरी करायचे. हातपाय धड, पगार आबांच्या तिप्पट. त्यांचा भत्ता चालू होता, कारण खासगी नोकरी मोजत नाहीत. त्यांचा काही दोष नव्हता, तरी मी पुढं कितीतरी महिने त्यांच्याशी बोलले नाही.

आई आबांना म्हणाली, "फौजेतलं मानूस तुमी, भांडा की."

"कुनाशी भांडू? ती समदी कागद बघत्यात."

त्यांनी काम सोडलं. पंचायतीत कुणी त्यांना थांबवलं नाही. भत्ता पुन्हा सुरू व्हायला वर्ष गेलं, आणि कपात त्यानंतरही चालूच होती. आबा ओट्यावर जाऊन बसले. सुरुवातीला बायका पाण्याची तक्रार घेऊन यायच्या, मग त्याही यायच्या थांबल्या.

आता मी लोणावळ्यात पेन्शनचे आणि कराचे फॉर्म भरून देणाऱ्या कचेरीत काम करते. मागच्या वर्षी फौजेतले एक निवृत्त हवालदार आले होते. ते कुठल्याशा नगरपालिकेत शिपाई होते, तरी त्यांचा भत्ता चालू होता. मी कसं काय म्हणून विचारलं.

"जवानांना सूट असते, बाई. पगार तळातला असंल तर बंद करत नाहीत. जिथं नोकरी करतो तिथलं, पगाराचं एक पत्र बँकेत द्यावं लागतं, बस."

एक पत्र. पंचायतीची कचेरी माझ्या कॉलेजच्या वाटेवर होती. ग्रामसेवकाला मी रोज नमस्कार करायचे. आबांच्या बाबतीत ते पत्र चाललं असतं की नाही, कुणास ठाऊक. कुणी मागितलंच नाही.

आबांना मी हे सांगितलेलं नाही. आईलाही नाही.