डावा कौल आणि आमचा रोठा

देवीने डावा कौल दिला आणि मी आयुष्यात पहिल्यांदा तिला नमस्कार न करता देवळातून घरी आले. लग्न होऊन या गावात आल्यापासून तिला विचारल्याशिवाय मी मोठं असं काही केलेलं नाही. विहिरीची जागा तिला विचारून ठरली, मुलाने नवी मुंबईत नोकरी धरली ती तिच्या कानावर घालून. आमच्याकडे ही रीतच आहे. गुरव देवीच्या पाषाणाच्या दोन्ही खांद्यांवर फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतो, आपलं गाऱ्हाणं मोठ्याने सांगतो आणि मग सगळे गप्प उभे राहतात. उजवी पाकळी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. मी त्या सकाळी जे विचारलं ते ऐकून कुणीही हसलं असतं, कारण ते आमच्या कुत्र्याबद्दल होतं.

त्याला कुत्रा म्हणताना आजही माझी जीभ अडखळते. त्याचं नाव रोठा. श्रीवर्धनच्या बाजूला आमची सुपारीची वाडी आहे आणि इकडची सुपारी रोठा जातीची, टपोरी, गोल. मुलाने पनवेलहून लॅब्राडोरचं पिल्लू आणलं तेव्हा अंगणात सुपारी वाळत घातली होती. हे पिल्लू जाऊन तिच्यात लोळलं आणि दिसेनासंच झालं, रंगही तोच आणि आकारही तोच. नाव तिथेच पडलं. मी मात्र कपाळावर आठ्या घालून बसले होते. घरात देव आहेत, सोवळं आहे, हे ध्यान कुठे ठेवायचं? मी स्पष्ट सांगितलं, माजघराच्या उंबऱ्याच्या आत त्याने पाऊल टाकायचं नाही. महिनाभरात तो माजघरात झोपायला लागला आणि आणखी महिनाभराने मीच त्याच्या अंगावर गोधडी घालायला लागले. खादाड इतका की फणसाच्या आठळ्या, भाकरीचे करपलेले तुकडे, काही म्हणून सोडायचा नाही. वाडीच्या राखणदार देवाला ठेवलेला नारळसुद्धा एकदा त्याने सोलून खाल्ला आणि वर शेपटी हलवत माझ्याकडे शाबासकी घ्यायला आला.

आमचे हे न्हावा शेवाच्या बंदरात क्रेन चालवायचे. मोठमोठे कंटेनर उचलून जहाजावर ठेवण्यात यांचं आयुष्य गेलं. देवाधर्माचं यांना वावडं. मला देवळात सोडायला यायचे ते पायरीपर्यंत, आत कधी नाही. म्हणायचे, तुझं ओझं तू उचल, माझं मी उचलतो. निवृत्त होऊन हे गावी आले, वाडीचं बघायला लागले आणि एका सकाळी चहाचा कप यांच्या हातातून सुटला. अर्धांगवायू. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली.

इस्पितळातून घरी आणल्यावर हे खुर्चीत बसले ते बसलेच. भिंतीकडे तोंड करून. व्यायाम करून घ्यायला एक मुलगी यायची, तिच्याकडे बघायचे नाहीत. मी जेवण भरवायला गेले की तोंड फिरवायचे. मुलगा सुट्टी काढून आला, समजावून, रागावून, शेवटी रडून परत गेला. काठी दिली ती यांनी अंगणात भिरकावली. यांच्यासारख्या माणसाला दुसऱ्याच्या हातून उचलून घ्यावं लागणं म्हणजे काय, ते मला कळत होतं, पण माझ्या हातात काही नव्हतं.

रोठ्याला आजारबिजार काही कळत नव्हतं, किंवा सगळंच कळत होतं. सकाळी फिरायला जायची वेळ झाली की तो आपला पट्टा तोंडात धरून यांच्या मांडीवर आणून ठेवायचा आणि समोर बसून राहायचा. हे बघायचे नाहीत. दुपारी मी पट्टा उचलून खुंटीला लावायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. असं किती दिवस चाललं कोण जाणे. मग एकदा मी विहिरीवरून आले तर खुर्ची रिकामी. जीव घाबरा झाला. बघते तर हे अंगणात, डाव्या हातात पट्टा, आणि बाजूला रोठा. मला फिरायला नेताना हा बैलासारखा ओढायचा, माझा खांदा निखळायची पाळी आणायचा. यांच्याबरोबर मात्र एक पाऊल टाकायचा आणि थांबायचा, यांचा उजवा पाय फरफटत पुढे आला की दुसरं पाऊल टाकायचा. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्याच आठवड्यात यांच्या तोंडून पहिला शब्द आला, "रोठ्या." माझं नाव त्यानंतर बऱ्याच दिवसांनी आलं. मला त्याचा राग आला नाही. म्हणजे थोडा आला.

तर असा हा रोठा यंदा दिवाळीनंतर आजारी पडला. त्याने भाताला तोंड लावलं नाही तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी बिनसलं आहे. माणगावच्या जनावरांच्या डॉक्टरांनी तपासून गोचिडीचा ताप सांगितला, इंजेक्शनं दिली, गोळ्या दिल्या. दोन दिवस बरा वाटला आणि मग एका सकाळी त्याच्या नाकातून रक्त यायला लागलं. हिरड्या पांढऱ्या पडल्या होत्या. उभं राहता येईना. डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, "रक्त द्यावं लागेल. कुत्र्याला कुत्र्याचंच चालतं, माझ्याकडे ते नसतं. पनवेलच्या मोठ्या दवाखान्यात न्या. पण ताई, एवढा रस्ता तो सोसेल की नाही, मी सांगू शकत नाही."

रोठ्याला रस्त्यात, गाडीच्या हादऱ्यांत मरू द्यायचं, की आपल्या घरात, आपल्या माणसांच्या हाताखाली शांतपणे जाऊ द्यायचं? आणि तो गेला तर हे पुन्हा त्या खुर्चीत बसणार, भिंतीकडे तोंड करून, हे मला लख्ख दिसत होतं. माझा एकटीचा धीर होईना. मी देवळात धावले.

मी गुरवभाऊंना म्हटलं, "रोठा जगेल का, एवढं विचारा."

त्यांनी मान हलवली. "वैनी, जगनार का मरनार, आसा कौल लावीत न्हाईत. काय करायचा, त्ये इचारा."

मग मी विचारलं, त्याला पनवेलला नेऊ का? गुरवभाऊंनी पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं. मी उजव्या पाकळीकडे बघत राहिले. ती हलली नाही. डावी घरंगळून खाली पडली. एकदा दिलेला कौल पुन्हा मागायचा नसतो. मी पदर खांद्यावर ओढला आणि तशीच निघाले. मनात म्हटलं, इतकी वर्षं तुझी ओटी भरली, एक मुकं जनावर तुला जड झालं काय?

घरी आले तर दारात शेजारच्या दिनेशची गाडी उभी. यांनीच हाताने खुणा करून बोलावली होती. हे आत बसलेसुद्धा होते, रोठ्याचं डोकं मांडीवर घेऊन. मला बघितलं आणि म्हणाले, "चल." त्या चेहऱ्याकडे बघून कौलाचं सांगायला माझी जीभ उचलली नाही. मी चढले आणि गाडी निघाली.

म्हसळा मागे टाकून थोडं पुढे गेलो आणि गाडीच्या तोंडातून वाफ यायला लागली. दिनेशने गाडी बाजूला घेतली, झाकण उघडलं, डोक्याला हात लावला. "काकी, हिचा काम तमाम झाला. दुसरी गाडी बघायला लागल." त्याचा फोन लागेना. रोठ्याचा श्वास वरवर चालला होता. मला वाटलं, झालं, देवीचं न ऐकून निघालो त्याची शिक्षा आपल्याऐवजी या बिचाऱ्याला मिळते आहे. मला राहवेना. रस्त्याच्या कडेलाच मी यांना सगळं सांगून टाकलं. म्हटलं, "अहो, देवीने डावा दिला होता. मी तुम्हाला सांगितलंच नाही."

हे माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं चिडतील, किंवा हसतील. पण एकेक शब्द विहिरीतून ओढून काढावा तसा काढत म्हणाले, "तिला... सांग... मी... नेतोय."

जो काही कोप व्हायचा तो माझ्या डोक्यावर होऊ दे, असं म्हणत होता हा देव न मानणारा माणूस. मी तोंडात पदर धरून रडले.

तेवढ्यात एक जीप पुढे जाऊन थांबली आणि मागे आली. पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी, बाजूच्या सीटवर ऐटीत बसलेला भला मोठा अल्सेशियन कुत्रा. ते मुश्ताकभाई. बरीच वर्षं मस्कतला काढून आता म्हसळ्याच्या बाजूला आपल्या आंब्याच्या बागेत राहतात आणि बागेच्या राखणीला हा सुलतान ठेवला आहे, हे सगळं मागाहून कळलं. तेव्हा त्यांनी फक्त गोधडीतल्या रोठ्याकडे पाहिलं.

"काय झाला भाभी? खय न्हेताव याला?"

मी सांगितलं. ते म्हणाले, "मी माणगावालाच जातंय, डॉक्टराकडे. या सुलतानला सालाचा इंजेक्शन द्यायचा हाय. बसा माज्या गाडीत. पनवेलचा मंग बघू." दिनेशने आणि त्यांनी गोधडीसकट रोठ्याला उचललं. मला भीती, की तो अल्सेशियन आता फाडून खाईल. सुलतानने मागे वळून एकदा वास घेतला आणि पुन्हा पुढे बघत बसला. वाटेत मी चारदा त्यांचे आभार मानले असतील. शेवटी ते म्हणाले, "आभार कसले? मुक्या जानवराला रस्त्यात टाकून गेलो तर घरात बरकत ऱ्हाते का? अल्ला बरा करील."

माणगावात डॉक्टरांनी रोठ्याच्या हिरड्या पाहिल्या, छातीला नळी लावली आणि सरळ सांगितलं की हा पनवेलपर्यंत पोचणार नाही. मग त्यांची नजर दारात उभ्या असलेल्या सुलतानवर गेली आणि तिथेच थांबली. तरणाबांड, धडधाकट, लशी वेळच्या वेळी घेतलेला. त्यांनी मुश्ताकभाईंना विचारलं, जरा चाचरतच.

मुश्ताकभाईंनी सुलतानच्या पाठीवर थाप मारली. "घ्या की. किती लागेल तितका घ्या. खाऊन खाऊन माजलाय नुस्ता."

"तितकं नाही घेता येत," डॉक्टर हसले, "याला झेपेल तेवढंच."

रक्ताची तपासणी झाली. दोघांचं जुळलं. सुलतान टेबलावर पडून राहिला, मालकाचा हात डोक्यावर, आणि त्याचं रक्त पिशवीत उतरत गेलं. मग तीच पिशवी रोठ्याच्या उशाशी टांगली. यांना मी खुर्ची दिली, हे बसले नाहीत. भिंतीला टेकून उभे राहिले, डावा हात रोठ्याच्या पाठीवर ठेवून. मी मनात देवीचं नाव घ्यायला गेले आणि सकाळचं भांडण आठवून थांबले. मग तरीही घेतलं. दुसरं कुणाचं घेणार? दुपार कलली तेव्हा टेबलावर काहीतरी आपटल्याचा आवाज आला. रोठ्याची शेपटी होती. एकदाच हलली, पण यांच्या तोंडाची जी अर्धी बाजू हसते ती हसली, आणि मुश्ताकभाईंनी दोन्ही हात वर करून दुवा मागितला.

निघताना ते सहज बोलून गेले की सुलतानला खरं तर आदल्या दिवशीच आणायचं होतं, पण बहिणीकडची माणसं आली म्हणून राहिलं. मुलाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, आई, योगायोग आहे. असेल. मी त्याच्याशी वाद घालत नाही. मला एवढंच माहीत आहे की मी पनवेलला नेऊ का असं विचारलं होतं, देवीने नको म्हटलं होतं, आणि आम्ही पनवेलला पोचलो नाही. तिच्या नकाराचा अर्थ मी माझ्या भीतीप्रमाणे लावला होता. आणि समजा तो अर्थ खरा असता, आम्ही तिचं ऐकलं नसतं, तरीही माणूस पाठवायला ती कंटाळली असती, असं आता मला वाटत नाही. देवाला शरण जाणं म्हणजे त्याने काय ते सांगावं आणि आपण तसं वागावं, असं मी इतकी वर्षं समजत आले. पण त्या रस्त्याच्या कडेला माझ्याजवळ ना कौल होता, ना गाडी, ना उपाय. तेव्हा मी खरी रिकामी झाले, आणि तेव्हाच कुणीतरी थांबलं.

औषधं बरेच दिवस चालली. रोठा हळूहळू उभा राहिला, मग खायला लागला, मग चोरून खायला लागला, तेव्हा कुठे मी पाण्यात ठेवलेले देव बाहेर काढले. मुश्ताकभाईंकडे आम्ही वाडीतल्या शहाळ्यांचा अख्खा घड घेऊन जाऊन आलो. रोठ्याचं वय झालं आहे, डॉक्टरांनी मूत्रपिंडाकडे लक्ष ठेवायला सांगितलं आहे. एक दिवस तो जाईल, मला माहीत आहे, आणि मी ऊर बडवून रडेन. पण तो कधी जाईल, हे मी कुणाला विचारणार नाही.

मग एका मंगळवारी ओटीचं सामान घेऊन मी देवीकडे निघाले, तर हे आणि रोठा माझ्याबरोबर. मी गुरवभाऊंना सगळं सांगितलं, डावा कौल मोडून गेले तेही. ते ओटीचे तांदूळ सारखे करत म्हणाले, "डावा दिलान, वैनी. पाठ न्हाय फिरवलान." मी डोळे पुसून मागे वळले, तर हे पायरीवर नव्हते. रोठ्याला बाहेर बसवून, खांबाला धरत धरत, उंबरा ओलांडून हे आत आले होते. देवीसमोर उभे राहिले. डाव्या हाताने उजव्या हाताचं मनगट धरलं आणि तो हात एखादं अवजड ओझं उचलावं तसा सावकाश छातीपर्यंत आणला. उजवी बोटं उघडेनात, तर तशाच मुठीवर डावा तळवा ठेवला आणि मान खाली घातली. गुरवभाऊ समई पुसायचे थांबले. मी हात जोडले, पण डोळे मिटले नाहीत. देवीला म्हटलं, बघ गं बाई, कोण आलंय तुझ्याकडे.