पडद्यावरच्या भेगा

तो पडदा आठवला की आजही माझं टाळकं सरकतं. आधी नाटकमंडळीच्या अध्यक्षांवर, मग स्वतःवर. स्वतःवरचा राग जास्त टिकाऊ निघाला.

आमच्या नाटकमंडळीतल्या पेटीवाल्याचे गुडघे कामातून गेले. मांडी घालून बसता येईना, म्हणजे पेटीही बंद. त्याच्या ऑपरेशनसाठी अकोल्यात मदतीचा प्रयोग ठरला. नाटकात एक गरिबाचं घर होतं. त्याचा पडदा रंगवायला मला अमरावतीहून बोलावलं. मी म्हटलं, घर खरं वाटायला हवं तर खरं घर पाहू. आणि कुठे गेलो? थेट पेटीवाल्याकडे! त्याची बायको हार विकते. तिने मला नक्षीच्या कपबशीतून चहा दिला. दोनदा प्यालो. वहीत सगळं घर टिपून घेतलं. कशासाठी, ते काही सांगितलं नाही.

कच्चं चित्र पाहून अध्यक्षांनी तोंड वाकडं केलं. "एवढं टापटीप? अजून दरिद्री करा. लोकांचा हात खिशात गेला पाहिजे."

असा संताप आला! आणि त्या संतापात मी काय केलं? त्यांनी सांगितलं तेच. कारण पुढे ते म्हणाले, "भिंतीच्या भेगा काढाव्यात तर तुम्हीच." झालं, मी विरघळलो. पोपडे काढले, जळमटं काढली. मांडणीवरचे चकचकीत स्टीलचे डबे खोडून तिथे चेपलेली जर्मनची पातेली मांडली. ज्या बशीतून फुर्रफुर्र चहा प्यालो, तीही फुटकी दाखवली.

प्रयोगाच्या दिवशी दुपारी पेटीवाल्याची बायको स्टेजसाठी हार घेऊन आली नि पडद्यासमोर थबकली.

"हे कोनाचं घर व्हय, भाऊ?"

"तुमचंच, वहिनी! ओळखलं ना?" बारशाला बाळ दाखवावं तसा मी फुललो होतो.

"माह्या घराले भेगा हायेत? दिवाळीले म्या सोता रंग देल्ला. अन् बशी काहून फोडली? तुमी तं साबूत बशीत चहा पेले!"

अध्यक्ष धावत आले. "वहिनी, हे नाटक आहे."

"नाटक तुमचं. घर माह्यं. हे असंच राह्यलं तं आमी येत नाई, अन् तुमची मदतबी नको." तिने हारांची पाटी उचलली.

"बसा वहिनी," मी ओरडलो, "आणि सांगा, काय कुठे होतं!"

अध्यक्ष मध्ये पडले. "आता बोललात तर तुमचं तोंड रंगवीन," मी म्हणालो. ती पहिल्या रांगेत बसून हुकूम सोडू लागली. "तीन नाई, पाच डबे. मोठा डाव्या हाताले." प्रयोगाची वेळ झाली तरी रंग ओलाच.

नाटकाआधी अध्यक्षांचं भाषण. मला शाल द्यायला स्टेजवर उभं केलेलं. "आपला हा पेटीवाला कलावंत, पडक्या घरात राहून..."

नवऱ्याशेजारी बसलेली ती ताडकन उठली. "कोठी पडकं हाय? तुमच्या मांगंच हाय ना माह्यं घर, पाहा!"

सगळं सभागृह पडदा पाहू लागलं. मीही वळलो. उजव्या कोपऱ्यात एक भेग घाईत बुजवायची राहून गेली होती. त्यातल्या त्यात सुरेख होती ती. मी हळूच सरकत तिला पाठ लावून उभा राहिलो. ओल्या रंगाने पाठ गार पडली.

"पेंटर, पुढे या," अध्यक्ष शाल उलगडून म्हणाले.

"इकडे आणा," मी दात खात म्हणालो, "मी इथून हलत नाही."