हवा बरी आहे

इथे आखातात अल मन्सूरा स्टेशनाहून सुटणाऱ्या मेट्रोत एक मराठी कामगार रोज माझ्या शेजारी बसतो आणि फोनवर बायकोला मेल लिहितो, ओठ हलवत, मधूनच स्वतःशी हसत. अक्षरं एवढी मोठी की मलाही दिसतात: फोरमनला शिव्या, बायकोवर रुसवा, मग लाडीगोडी. माझा नुसता जळफळाट होतो.

एकदा न राहवून म्हणालो, "अहो, इथे सरकार मेल वाचतं म्हणतात."

"वाचू द्या की! आमचं भांडण वाचून त्याला बी त्याची बायको आठवंल."

मी मात्र त्याच भीतीपायी नाशिकला बायकोला वर्षानुवर्षं एवढंच लिहीत आलोय, की मी ठीक आहे, हवा बरी आहे.

परवा धीर करून लिहिलं, "तुझ्यावाचून करमत नाही."

तिचं उत्तर आलं, "इकडेही हवा बरी आहे."